मांजराचा हृदयविकार : घरी काय पाहावे, खर्च कसा सांभाळावा

या पानावर रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांविषयी आपण नेहमीच वाचतो. या वेळी रुग्ण थोडा निराळा आहे. मुलांच्या हट्टापायी आपल्यापैकी अनेकांच्या घरी मांजर आले आहे, आणि "मला नाही हं त्याचं करायला जमणार" म्हणणारी आईच आता त्याची वाटी भरताना दिसते. आमच्याकडेही आठ वर्षांची मनी आहे. दोन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत डॉक्टरांना तिच्या हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज ऐकू आला आणि आमचा या विषयाचा अभ्यास सुरू झाला. मी डॉक्टर नाही, संगणक क्षेत्रातला माणूस आहे. तेव्हा घरच्या माणसाने काय समजून घ्यावे, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे.

मांजरांत सर्वाधिक आढळणारा हृदयविकार म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, थोडक्यात एचसीएम. साधारण सात मांजरांमागे एकाला तो असतो. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत त्याला कारणीभूत जनुकीय दोष सापडले आहेत, पण साध्या घरगुती मांजरांनाही तो होतो. यात हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. पंपाच्या भाषेत सांगायचे तर मोटर जोरात चालते, पण टाकी पुरती भरतच नाही. मग मागे दाब साठतो, वरचा कप्पा फुगतो आणि फुप्फुसात किंवा त्याभोवती पाणी जमते. फुगलेल्या कप्प्यात रक्त साचून गुठळीही होऊ शकते. मात्र निदान ऐकून लगेच धीर सोडू नये. कित्येक मांजरे हा विकार घेऊन काहीही त्रास न होता पूर्ण आयुष्य जगतात.

नुसत्या आवाजावरून निदान होत नाही. आवाज असून हृदय निरोगी असते, आणि आवाज नसूनही विकार असू शकतो. खात्री होते ती इकोकार्डिओग्रामने. वयस्क मांजरात थायरॉइड आणि रक्तदाबही तपासून घ्यावा, कारण त्यांच्यामुळेही भिंत जाड दिसते. आणखी एक गोष्ट म्हणजे, दुसऱ्या कारणासाठी कोणी सलाइन किंवा दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन देणार असेल, तर हृदयविकाराची कल्पना आधी द्यावी. या दोन्हींमुळे लपलेला विकार उफाळून येऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. मांजर दुखणे लपवते, आणि हृदय कमकुवत झालेल्या कुत्र्यासारखे ते सहसा खोकतही नाही. म्हणून घरी एक मोजमाप ठेवायचे : गाढ झोपेतले श्वास. छाती वर जाऊन खाली आली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करावे. मांजर गुरगुरत असेल तर तो आकडा धरू नये. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. पुन्हा पुन्हा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. तोंड उघडे टाकून धापा टाकत असेल तर मोजत बसू नये, थेट तातडीच्या दवाखान्यात न्यावे. माझ्यासारख्याने अर्थातच या आकड्यांची स्प्रेडशीट केली, पण फ्रिजवर चिकटवलेला कागदही तेच काम करतो, आणि तो आजी-आजोबांनाही भरता येतो.

मनीचा आकडा एरवी १८ ते २२ असे. गेल्या नोव्हेंबरात एका रात्री ३८ आला, अर्ध्या तासाने ४०. दिसायला ती नेहमीसारखी निजलेली होती. त्याच रात्री दवाखान्यात नेले. फुप्फुसात पाणी निघाले. ऑक्सिजन आणि फ्युरोसेमाइडवर दोन दिवस काढून ती घरी आली, आणि तेव्हापासून रोज औषधावर आहे.

गुठळीचे संकट याहून भयंकर. मांजर एकाएकी ओरडते, मागचे पाय लुळे पडतात, पंजे गार लागतात. पडून मार लागला असे समजून थांबू नये. गुठळी टाळण्यासाठी क्लोपिडोग्रेल देतात. बहुधा माणसांच्या ७५ मिलिग्रॅम गोळीचा पाव भाग असतो. एकदा गुठळी होऊन वाचलेल्या मांजरांत ते ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. गोळी इतकी कडू की मांजराच्या तोंडाला फेस येतो. रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून दिली की भांडण मिटते. पण घरातले दुसरे कोणतेही औषध मनाने देऊ नका. भारतातून आणलेली क्रोसिन म्हणजेच इथली टायलेनॉल, आणि तिची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.

शाकाहारी घरांसाठी एक सूचना. डॉ. पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखवून दिले की टॉरिन कमी पडले तर मांजराचे हृदय पातळ, ढिले होते. टॉरिन मांस-मासळीत असते. दूध-भातावर मांजराचे भागत नाही. विकतचे पूर्ण आहाराचे खाद्यच द्यावे. (जाड भिंतीचा विकार टॉरिनने बरा होत नाही, हेही लक्षात असू द्या.) मासळी खाणाऱ्या घरांत खारवलेले बोंबील देण्याचा मोह आवरावा.

खर्चाचे पाहू. इकोला कित्येकशे डॉलर लागतात, तातडीच्या दवाखान्यात मुक्काम पडला तर बिल हजारांत जाते. लेखी अंदाजपत्रक आधी मागावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. विमा घ्यायचाच तर मांजर लहान असताना घ्यावा, कारण आधीपासूनचा आजार विमा कंपन्या वगळतात आणि कागदावर नोंदलेला हृदयाचा आवाजही त्यात धरला जाऊ शकतो. नोकरीतल्या एफएसए किंवा एचएसएमधून घरच्या मांजराचा खर्च करता येत नाही. मात्र फ्युरोसेमाइड, क्लोपिडोग्रेल, ॲटेनोलॉल ही माणसांची जेनेरिक औषधे आहेत. चिठ्ठी लिहून घेऊन नेहमीच्या फार्मसीत भाव विचारा, बराच फरक पडतो. लक्षणे नसलेल्या एचसीएमसाठी आठवड्यातून एकदा द्यायच्या सिरोलिमसच्या गोळीला एफडीएने मार्च २०२५ मध्ये सशर्त मान्यता दिली. ती आपल्या मांजराला योग्य का, हे हृदयतज्ज्ञाला विचारावे.

राहिला भारतवारीचा प्रश्न. दिवसातून दोनदा गोळी लागणारे मांजर केवळ वाटी भरून जाणाऱ्या शेजाऱ्यावर सोपवता येत नाही. निघण्यापूर्वी आठवडाभर त्या व्यक्तीकडून आपल्यासमोर गोळी देववून घ्यावी, श्वास मोजायला शिकवावे, दवाखान्याला आपल्या माघारी उपचाराची आणि खर्चाच्या मर्यादेची लेखी परवानगी देऊन ठेवावी, आणि गोळ्या मुक्कामापेक्षा दोन आठवडे जास्तीच्या आणून ठेवाव्यात.