व्यसनमुक्तीचे दोन आधार : औषध आणि सोबत

पुणे जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके कुकडी आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर समृद्ध झालेले आहेत. नारायणगाव आणि मंचर येथील बाजारांतून भाजीपाला मोठ्या शहरांकडे जातो, आणि त्याच वाटेने माणसेही जातात. मुंबईतील डबेवाले, माथाडी कामगार आणि गिरणी कामगार यांत या भागातील कुटुंबांचा वाटा पिढ्यान् पिढ्या राहिला आहे. गावाचा एक पाय शेतात आणि दुसरा शहरात, अशी ही रचना आहे. त्यामुळे शहरातील सुखसोयींबरोबर शहरातील संकटेही गावाच्या वेशीपर्यंत पोहोचतात. अफूजन्य मादक द्रव्यांचे व्यसन हे अशाच संकटांपैकी एक होय. या व्यसनातून माणूस बाहेर कसा येतो, आणि बाहेर आलेल्या माणसाला गावाने कसे सांभाळावे, याचा विचार या लेखात केला आहे.

ओतूरचा सुपुत्र आणि मुक्तांगण

या विषयाशी जुन्नर तालुक्याचे एक जवळचे नाते आहे. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या कार्याला नवी दिशा देणारे लेखक आणि कार्यकर्ते डॉ. अनिल अवचट यांचा जन्म १९४४ साली याच तालुक्यातील ओतूर येथे झाला. १९८०च्या दशकाच्या आरंभी मुंबई-पुण्यात 'गर्द' किंवा 'ब्राऊन शुगर' या नावाने अशुद्ध हेरॉइन मिळू लागले आणि अनेक घरांतील तरुण मुले त्याच्या आहारी गेली. अवचट यांनी या मुलांमध्ये वावरून त्यांच्या अवस्थेविषयी लिहिले. ते लेखन पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या वाचनात आले. त्यांच्या आर्थिक साहाय्यातून आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

त्या काळी व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून किंवा नीतिभ्रष्ट म्हणून पाहिले जाई. मुक्तांगणने त्याला रुग्ण मानले आणि त्याच्याशी प्रेमाने व विश्वासाने वागण्याची पद्धत रूढ केली. या केंद्राचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की तेथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. डॉ. अनिता अवचट यांचे १९९७ साली आणि डॉ. अनिल अवचट यांचे २०२२ साली निधन झाले. परंतु त्यांनी घालून दिलेली ही परंपरा आजही चालू आहे.

हा आजार कसा आहे?

अफूच्या बोंडातील चिकापासून मॉर्फिन मिळते आणि मॉर्फिनपासून हेरॉइन तयार होते. याच गटातील काही कृत्रिम द्रव्ये वेदनाशामक गोळ्या, इंजेक्शने आणि खोकल्याची औषधे यांत वापरली जातात. त्यांचा गैरवापर वाढल्यामुळेच ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधाचा समावेश २०१८ साली मादक द्रव्यविषयक कायद्याच्या कक्षेत करण्यात आला. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य द्रव्यांचे सेवन करीत होते आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाख लोकांना उपचारांची किंवा मदतीची गरज होती.

मानवी मेंदू वेदना शमविणारी काही द्रव्ये स्वतःच तयार करतो. त्या द्रव्यांसाठी मेंदूच्या पेशींवर ठराविक जागा असतात. अफूजन्य पदार्थ बाहेरून येऊन नेमक्या याच जागा व्यापतात. वारंवार सेवनाने शरीर त्यांना सरावते; पूर्वीचा परिणाम मिळण्यासाठी मात्रा वाढवावी लागते, आणि द्रव्य न मिळाल्यास शरीर बंड करून उठते. गर्दचे सेवन थांबल्यावर साधारणतः सहा ते बारा तासांत नाका-डोळ्यांतून पाणी वाहणे, जांभया, अंगावर काटा येणे, पोटात कळा, जुलाब, हाडे ठणकणे आणि झोप उडणे ही लक्षणे सुरू होतात. व्यसनी मंडळी या यातनांना 'टर्की' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांचा कळस होतो आणि आठ-दहा दिवसांत त्या बहुतांशी ओसरतात.

येथेच मोठी गफलत होते. यातना संपल्या म्हणजे आजार संपला, असे घरच्यांना वाटते. वस्तुतः मेंदूतील बदल पूर्ववत होण्यास महिने, कधी वर्षेही लागतात. अस्वस्थता, निरुत्साह आणि द्रव्याची ओढ दीर्घकाळ टिकते. मधुमेह किंवा रक्तदाब यांप्रमाणे हा दीर्घकाळ काळजी घेण्याचा आजार आहे. एकदा रुग्णालयात नेऊन आणले म्हणजे काम झाले, असे तो आजार मानत नाही.

औषधोपचाराचे तीन प्रकार

पहिला प्रकार यातना कमी करण्याचा होय. क्लोनिडीनसारखी औषधे, वेदनाशामके आणि पुरेसे पाणी व आहार यांच्या साहाय्याने पहिले दहा दिवस सुसह्य होतात. परंतु केवळ एवढ्यावर थांबलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य पुन्हा व्यसनाकडे वळतात, असा जगभरचा अनुभव आहे.

दुसरा प्रकार पर्यायी औषधाचा. ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवून विरघळविण्याची गोळी या प्रकारात मोडते. ती मेंदूतील त्याच जागा व्यापते, परंतु तिचा परिणाम सौम्य असतो आणि एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. त्यामुळे ओढ आणि यातना शमतात, झिंग चढत नाही आणि श्वास मंदावण्याचा धोकाही हेरॉइनच्या तुलनेने पुष्कळ कमी राहतो. रुग्ण कामावर जाऊ शकतो, घरात लक्ष घालू शकतो. मेथॅडॉन हे याच प्रकारचे आणखी एक औषध असून न्यूयॉर्कमध्ये १९६०च्या दशकात त्याचा पद्धतशीर वापर सुरू झाला. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट केली. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेमार्फत, विशेषतः इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्यांसाठी, ब्युप्रेनॉर्फिनची केंद्रे चालविली जातात.

तिसरा प्रकार नाल्ट्रेक्सोनचा. एस.टी.च्या आसनावर रुमाल टाकून जागा धरावी, त्याप्रमाणे हे औषध मेंदूतील जागा अडवून ठेवते, पण स्वतः नशा आणत नाही. हे घेणाऱ्याने गर्द ओढली तरी तिचा अंमल चढत नाही. मात्र शरीरातून अफूजन्य द्रव्य पूर्णपणे गेल्यावाचून ते देता येत नाही. अन्यथा तीव्र यातना एकदम सुरू होतात. गोळी नियमित घेतली जावी यासाठी घरातील जबाबदार व्यक्तीची देखरेख आवश्यक असते. कोणते औषध, किती आणि किती काळ घ्यावयाचे, हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा होय. ब्युप्रेनॉर्फिनबरोबर मद्य किंवा झोपेच्या गोळ्या घेणे प्राणावर बेतू शकते, हेही घरच्यांना सांगून ठेवावे.

'एक नशा सोडून दुसरी' हा आक्षेप

पर्यायी औषधावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गर्द सोडून गोळी धरली, यात मुक्ती कोठे आली, असे नातेवाईक विचारतात. पुष्कळदा स्वतः व्यसनमुक्त झालेले लोकही विचारतात. हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. व्यसन म्हणजे केवळ शरीराची सवय नव्हे. द्रव्यासाठी खोटे बोलणे, चोरी, कर्ज, काम बुडविणे आणि धोका दिसत असूनही सेवन चालू ठेवणे, हे व्यसनाचे खरे स्वरूप आहे. ठराविक मात्रेत, देखरेखीखाली, दिवसातून एकदा औषध घेऊन जो माणूस शेतावर किंवा कामावर जातो, त्याच्या आयुष्यातून हे सारे गेलेले असते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाला आपण व्यसनी म्हणत नाही.

या औषधांनी मृत्यू टळतात, हे त्यांच्या बाजूचे सर्वांत बळकट प्रमाण आहे. पर्यायी उपचार चालू असलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण, उपचार सोडलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी असते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणूनच चांगले चाललेले औषध गावकऱ्यांच्या टोमण्यांमुळे किंवा घरच्यांच्या आग्रहामुळे मध्येच बंद होऊ देता कामा नये.

सोबतीचे बळ

औषध शरीराची ओढ शमविते. परंतु रिकामी संध्याकाळ, जुन्या मित्रांची हाक आणि मनातील अपराधीपणा यांवर गोळी नाही. तेथे माणूस लागतो, आणि तोही त्याच वाटेने आलेला असेल तर अधिक उपयोगी पडतो. डॉक्टरांपाशी लपविलेली गोष्ट रुग्ण अशा सोबत्यापाशी सांगतो, कारण त्याच्यापुढे शरमेचे कारण उरत नाही. शिवाय, 'हा सुटला, तर मीही सुटेन' ही आशा उपदेशाने येत नाही, ती डोळ्यांसमोरच्या उदाहरणाने येते.

परस्परसाहाय्याची ही कल्पना अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेतून रुजली आणि १९५३ साली 'नार्कोटिक्स ॲनॉनिमस'च्या रूपाने मादक द्रव्यांच्या क्षेत्रात आली. मुक्तांगणने तिला मराठी घराचे रूप दिले. तेथे उपचारांत कुटुंबाला सामील करून घेतले जाते, घरी परतल्यावर पाठपुराव्याच्या सभा होतात आणि व्यसनमुक्तीचे 'वाढदिवस' साजरे केले जातात. सोबतीमुळे रुग्ण उपचारांत टिकून राहतो. पण अफूजन्य व्यसनात सोबत ही औषधाची जागा घेऊ शकत नाही. दोहोंपैकी एक निवडण्याचा हा प्रश्न नाही.

परतल्यानंतरचे दिवस

केंद्रातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. काही काळ द्रव्यापासून दूर राहिल्याने शरीराची सहनशक्ती घटलेली असते. अशा वेळी पूर्वीच्याच मात्रेत एकदा जरी सेवन झाले, तरी श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. ही गोष्ट घरच्यांना अगोदर सांगितलेली नसते आणि म्हणूनच घात होतो. माणूस जागा होत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, श्वास अतिशय संथ आहे, ओठ निळसर पडले आहेत, अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, त्याला कुशीवर वळवावे आणि एकटे सोडू नये. नॅलोक्सोन हे उताऱ्याचे इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणते. परंतु त्याचा परिणाम थोडाच काळ टिकत असल्याने रुग्णालयात देखरेख आवश्यकच असते.

गावपातळीवर काय करता येईल?

पुण्यातील ससून रुग्णालय किंवा येरवड्यातील केंद्रे आणि जुन्नर-आंबेगावची डोंगराकडील गावे यांत कित्येक तासांचे अंतर आहे. उपचार तेथे सुरू झाले, तरी ते टिकतात किंवा तुटतात ते गावात. म्हणून पुढील गोष्टींकडे स्थानिक कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे.

पंचायत सदस्यांनी परतलेल्या व्यक्तीला काम मिळवून देण्यास साहाय्य करावे. रिकामपण हा या आजाराचा मोठा मित्र आहे. पाठपुराव्याच्या तारखेला प्रवासासाठी सोबत आणि गरज पडल्यास भाडे यांची व्यवस्था व्हावी. परिसरात तीन-चार व्यसनमुक्त व्यक्ती असतील, तर त्यांच्या बैठकीसाठी शाळेची किंवा समाजमंदिराची खोली आठवड्यातून एकदा द्यावी. मात्र नावांचा गवगवा करू नये. ग्रामसभेत कोणाला उभे करून शपथ घ्यावयास लावणे हे साहाय्य नव्हे.

आशा स्वयंसेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांनी औषध चालू आहे की नाही याची विचारपूस करावी आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी संपर्क ठेवावा. मादक द्रव्यांसंबंधी सल्ल्यासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.

शिक्षकांनी केवळ भीती दाखविणारी व्याख्याने देण्याऐवजी, घसरणारी हजेरी, बदललेली संगत आणि घरातील पैशांची चणचण यांकडे लक्ष ठेवावे. ज्या घरात वडील किंवा भाऊ व्यसनी आहे, तेथील मुलाला वर्गात हिणविले जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

अधिकाऱ्यांनी कायद्याची मानवी बाजू लोकांपर्यंत न्यावी. १९८५च्या मादक द्रव्यविषयक कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणातील द्रव्याबद्दल आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करीत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मद्य आणि मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्या कुटुंबांना ही माहिती मिळाली, तर एखादा जीव वेळेवर वाचेल.

व्यसनातून सुटलेला माणूस एखाद्या वेळी पुन्हा घसरतो. त्यामुळे आधीचे सारे प्रयत्न फुकट गेले असे होत नाही. मधुमेह्याची साखर वाढली की औषध बदलतात, पथ्य तपासतात. रुग्णाला गावाबाहेर काढत नाहीत. हाच न्याय येथेही लावला पाहिजे. डॉक्टरांचे औषध आणि समदुःखी माणसाची सोबत ही दोन्ही त्याच्या दारापर्यंत पोहोचविणे आणि तेथे टिकविणे, ही जबाबदारी शहरातील केंद्रांइतकीच गावातील पंचायतीची, शाळेची आणि आरोग्य केंद्राची आहे.