९७ गुणिले ८८, तोंडी

एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. पहिल्या दोन-चार गणितांना लागेल, मग पेन्सिल आपोआप बाजूला पडेल. वैदिक गणितातली ही रीत शंभराच्या आसपासच्या संख्यांसाठी आहे. समजा, नाश्त्याच्या ९७ प्लेट सांगायच्या आहेत आणि एक प्लेट ८८ रुपयांना. अठ्ठ्याऐंशीचा पाढा येत नाही? लागणारही नाही. चला.

१. वर ९७ आणि त्याखाली ८८ लिहा. दोघांच्याही उजवीकडे थोडी जागा मोकळी ठेवा.

२. ९७ ला शंभर व्हायला किती कमी पडतात, ते त्याच्या उजवीकडे लिहा: ३. ही त्याची तूट.

३. आता ८८ ची तूट काढा. हातचे घेत बसू नका. डावीकडचा अंक नवातून वजा करा, शेवटचा दहातून: १ आणि २, म्हणजे १२. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. दोन्ही अंक दहातून वजा करतात आणि २२ लिहून मोकळे होतात.

४. वरच्या संख्येतून खालची तूट तिरकी वजा करा: ९७ मधून १२ गेले, उरले ८५. हा उत्तराचा डावा भाग. ९७ मधून त्याचीच तूट ३ वजा करू नका. आडवं नाही, तिरकंच जायचं.

५. दुसरी तिरकी वजाबाकीही करून बघा: ८८ मधून ३ गेले, ८५. दोन्हीकडून एकच आकडा यायलाच हवा. नाही आला तर पुढे जाऊ नका, तूट पुन्हा काढा.

६. दोन्ही तुटींचा गुणाकार करा: ३ × १२ = ३६. हा उजवा भाग.

७. दोन्ही भाग शेजारी ठेवा: ८५ आणि ३६. झाले ८५३६ रुपये!

आता थोडं थांबा, कारण चुकायची खरी जागा उजव्या भागात आहे. तिथे नेहमी दोनच घरं असतात. ९८ × ९७ घ्या. डावीकडे ९५, तुटींचा गुणाकार २ × ३ = ६. लगेच ९५६ लिहू नका. सहाच्या आधी शून्य ठेवा: ९५०६. उलट ८८ × ८९ मध्ये डावीकडे ७७ येतात आणि १२ × ११ चे होतात १३२. तीन अंक दोन घरांत मावणार कसे? ३२ ठेवा, १ हातचा डावीकडे द्या: ७८३२. म्हणून मोठ्याने उत्तर सांगायचं असेल, तर आधी तुटींच्या गुणाकारावर नजर टाका. ‘सात हजार सातशे’ तोंडातून निघून गेलं की हातचा द्यायला उशीर झालेला असतो.

दोन्ही संख्या शंभरावर असल्या, तर तुटीऐवजी वाढ लिहा आणि तिरकी बेरीज करा. १०४ × १०७: १०४ अधिक ७ म्हणजे १११, आणि ४ × ७ = २८. उत्तर १११२८.

एक वर आणि एक खाली असेल, उदाहरणार्थ १०३ × ९६, तर असं करा:

१. १०३ मधून ९६ ची तूट ४ वजा करा: ९९.

२. त्यापुढे दोन शून्यं द्या: ९९००. ही विसरली तर पुढचं सगळं फसतं.

३. वाढ आणि तूट यांचा गुणाकार करा: ३ × ४ = १२.

४. तो ९९०० मधून वजा करा: ९८८८. शेजारी ठेवायचा मोह टाळा. इथे तो वजाच होतो.

आणि हो, ६२ × ४७ ला ही रीत लावू नका. ३८ आणि ५३ अशा तुटी निघतील, त्यांचाच गुणाकार मूळ गणिताइतका किचकट. तिथे शाळेतली पद्धत बरी.

उत्तराची शंका आली तर अंकांची बेरीज करा, एक अंक उरेपर्यंत. ९७ चे १६, मग ७. ८८ चेही १६, मग ७. सात सत्ते ४९, त्याचे १३, मग ४. इकडे ८५३६ चे २२, त्याचेही ४. जुळलं! मात्र अंकांची अदलाबदल या तपासणीत सापडत नाही. ८५६३ लिहिलंत तरी ४ च येतील.

आता तुमची पाळी, कागद न घेता: ९४ × ९३, ९९ × ८७, ८६ × ८५, १०२ × ९३. तिसऱ्यात हातचा आहे, सांभाळा. उत्तरं अनुक्रमे ८७४२, ८६१३, ७३१०, ९४८६.