तिचा उजवा, तुझा डावा

पोरी, फाईल हातात आली की लगेच कोडाचं पुस्तक उघडू नको. ती बाई तुझ्याकडं तोंड करून बसलीय असं आधी डोळ्यांपुढं आण. तिचा उजवा स्तन तुझ्या डाव्या हाताला येतो. तीस वर्षं मी रेकॉर्ड खोलीत काढली, सगळ्यात जास्त चुका इथंच पाहिल्या.

सोनोग्राफीवाले गाठीची जागा घड्याळानं सांगतात. उजव्या स्तनात दहा वाजता म्हणजे वरची, काखेकडची बाजू, स्तनाच्या कॅन्सरचा कोड सी ५०.४. डाव्यात तेच दहा छातीच्या मधल्या हाडाकडं जातं, मग सी ५०.२. एकदा मी उजव्याचा डावा वाचला आणि आतली बाजू लिहून मोकळी झाले. डॉक्टरबाईंनी पकडलं म्हणून बरं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

खालची आतली बाजू .३, खालची बाहेरची .५. बोंड आणि त्याभोवतीचा काळा भाग .०, त्यामागचा मधला भाग .१. काखेत शिरणारं स्तनाचं टोक .६, पण आजार काखेतल्या लसिकाग्रंथींत पसरला असेल, तर त्याचा कोड निराळा, सी ७७.३. गाठ दोन भागांवर पसरलेली आणि सुरू कुठून झाली ते ठरत नसेल, तरच .८.

निम्म्याच्या आसपास गाठी वरच्या बाहेरच्या भागातच निघतात, म्हणून अंदाजानं .४ टाकायचा मोह होतो. टाकू नको. जागा कळावी म्हणून विचारायचा कंटाळा आला की लोक ‘जागा नमूद नाही’चा .९ लिहितात, तेही नको. आपण वापरतो त्या कोडात उजवा-डावा येत नाही, तो शब्दांत लिहायचा.

बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद होते, पुढं आपला बीड जिल्हाही अशा नोंदणीत आला. तिथली माणसं आपलेच कागद वाचतात. आपण भलतं लिहिलं तर तेच मोजलं जातं.

वरची फाईल बघ. नुसतं ‘छातीत गाठ’ लिहिलंय. तुकडा तपासून कॅन्सर ठरलेला नाही, म्हणून सी ५० नाही, सध्या स्तनातल्या नुसत्या गाठीचा एन ६३. कुठल्या बाजूला, कुठल्या भागात, ते आत्ताच वॉर्डात जाऊन डॉक्टरांना विचार. बाई ऊसतोडीची आहे. मुकादमाची उचल घेतलीय, टोळी दोन दिवसांत निघेल, आणि मग सहा महिने ती आपल्याला भेटायची नाही.