साधना आणि निद्रा : घरच्या वेळापत्रकाचा विचार

योगाभ्यास ही बडोद्यातील मराठी मंडळींना नवी गोष्ट नाही. डभोईस १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी कुवलयानंद, यांनी व्यायामाचे धडे येथेच प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत गिरवले. नर्मदाकाठी मालसर येथे माधवदासजींकडून त्यांनी योगाचे मार्गदर्शन घेतले आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामाची प्रयोगशाळेत तपासणी चालवली. अशा गावात घरोघरी सतरंजी अंथरली जावी यात नवल ते काय? परंतु अभ्यास आरंभणारे पुष्कळ आणि टिकवणारे थोडे, हेही तितकेच खरे. याचे कारण आम्हांस श्रद्धेच्या अभावात दिसत नाही. ते वेळेच्या हिशेबात दिसते. साधनेसाठी लागणारा पाऊण तास बहुतेकजण झोपेतून कापून घेतात, आणि झोप हा असा सावकार आहे की तो आपले येणे व्याजासकट वसूल केल्यावाचून राहत नाही.

निद्रा म्हणजे आळस नव्हे

झोप कमी करणे म्हणजेच तपश्चर्या, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. तिला शास्त्राचा आधार नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिनिद्रेबरोबर अतिजागरणही योगाला बाधक ठरवले आहे. पतंजलींनी निद्रेची गणना पाच वृत्तींत केली. नऊ अंतरायांच्या यादीत त्यांनी आलस्य घातले, निद्रा घातलेली नाही.

आधुनिक वैद्यकही हेच सांगते. प्रौढ माणसास रोज निदान ७ तास झोप हवी, १३ ते १८ वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास, आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पूर्वार्धात येतो, तर स्वप्नावस्थेची झोप पहाटेकडे वाढत जाते. म्हणून बाराला निजून चारला उठणारा मनुष्य नुसते तास गमावत नाही, झोपेचा एक विशिष्ट प्रकारच गमावतो. शवासनाने किंवा योगनिद्रेने विश्रांती मिळते हे खरे, पण ती रात्रीच्या झोपेची भरपाई नव्हे.

ब्राह्ममुहूर्ताचा हिशेब

ब्राह्ममुहूर्त म्हणजे पहाटेचे चार, असे सरसकट धरले जाते. वस्तुतः मुहूर्त ४८ मिनिटांचा; ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटे सुरू होतो व ४८ मिनिटे आधी संपतो. बडोद्यास जूनमध्ये सूर्योदय सुमारे ५-५५ ला होतो, जानेवारीच्या मध्यास सुमारे ७-२० ला. म्हणजे हा काळ उन्हाळ्यात सुमारे ४-२० ला लागतो, तर हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास. थंडीत चारला उठून कुडकुडण्याचा आग्रह परंपरेचाही नाही!

आखणी उलट बाजूने करावी

उठण्याची वेळ आधी ठरवून निजण्याची वेळ दैवावर सोडू नये. समजा, सव्वापाचला उठावयाचे आहे. साडेसात तास मागे गेल्यास पावणेदहा येतात. झोप लागण्यास पाव तास धरला, तर साडेनऊला अंथरुणावर पाठ टेकली पाहिजे. मग रात्रीचे जेवण साडेसातच्या पुढे ढकलून चालणार नाही. चहा-कॉफी दुपारनंतर घेऊ नये, कारण तिच्यातील उत्तेजक द्रव्याचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात उरतो. मोबाईल व दूरचित्रवाणी निजण्याआधी तासभर तरी मिटवावी.

हा बदल एका रात्रीत करू नये. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटे अलीकडे यावे. दोनेक आठवड्यांत एक तास सुखाने सरकतो. पाऊण तासात २० मिनिटे आसने, १० मिनिटे प्राणायाम आणि १५ मिनिटे ध्यान सहज बसते. ज्यांच्या घरी जेवणच नऊला होते, किंवा जे कारखान्यात पाळीने काम करतात, त्यांनी पहाटेचा हट्ट सोडावा. सायंकाळी, जेवणापूर्वी, केलेला अभ्यास कमी प्रतीचा ठरत नाही. मात्र भरपेट जेवणानंतर तीन-चार तास आसने करू नयेत.

घरातील इतरांची झोप

ही बाब आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. घरधनी पहाटे ध्यानाला बसतात, तेव्हा त्यांचे पाणी तापवण्यास कोण उठते? सर्वांच्या मागून निजणारी आणि सर्वांच्या आधी उठणारी गृहिणी जर या साधनेचा खर्च आपल्या झोपेतून भरीत असेल, तर ती साधना उसनवारीची होय. पाणी आपले आपण तापवावे, गजराचा आवाज बेताचा ठेवावा, परीक्षेच्या दिवसांत मुलांना बळेच उठवून शेजारी बसवू नये. आणि घरातील स्त्रीलाही स्वतःच्या अभ्यासासाठी पाऊण तास मोकळा मिळावा म्हणून तेवढ्या वेळाची कामे इतरांनी वाटून घ्यावीत.

डुलकी आणि इतर अडचणी

ध्यानात रोज डुलकी लागत असेल, तर तो मनाचा दोष समजून स्वतःस दटावू नये; बहुधा ती झोपेची थकबाकी असते. आठवडाभर अर्धा तास लवकर निजून पाहावे. दुपारची वामकुक्षी वीस-पंचवीस मिनिटांची असावी. लांबली तर रात्रीची झोप बिघडवते. वयोवृद्धांना पहाटे आपोआप जाग येते. त्यांनी ती वेळ ध्यानास द्यावी, पण आसने अंग सैल झाल्यावर करावीत. जोराने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, किंवा पुरेसे निजूनही दिवसा पेंग येणे ही दुखण्याची लक्षणे असू शकतात; त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी कुंभक आपल्या मनाने करू नये.

तात्पर्य, साधना ही दिवसाच्या चोवीस तासांत बसवायची असते, दिवसावर लादायची नसते. सभासद बंधुभगिनींनी या महिन्यात एवढेच करावे : पंधरा दिवस आपली निजण्याची व उठण्याची वेळ वहीत टिपावी, आणि मग घरातील सर्वांना विचारून अभ्यासाची वेळ ठरवावी. सर्वांच्या संमतीने ठरलेली वेळच वर्षानुवर्षे टिकते.