दगडफूल : रूप एक, गुण निराळे

समुद्रपूरच्या बाजारी मसाल्यासाठी मिळणारे दगडफूल आपण सर्वांनी पाहिलेच आहे. ते केवळ नावाचे फूल. वस्तुतः बुरशी व शैवल यांच्या सहवासाने बनलेला तो शैवाक होय. त्यातील बुरशी नाना प्रकारची अम्ले तयार करते. ती बहुधा नुसत्या डोळ्यांस ओळखू येत नाहीत, म्हणून इ. स. १८६६ त नायलँडर नामक विद्वानाने शैवाकावर पोटॅशचे वा ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकून रंग पाहण्याची रीत घातली.

तेव्हा एक नवल कळून आले. दिसण्यात एक, परंतु अम्लांत भिन्न, असे शैवाक एकाच जातीत निघाले! वेल्स देशी समुद्रकाठच्या खडकांवर रामालिना सिलिक्वोसा नावाचा शैवाक वाढतो. कल्बरसन पतिपत्नींनी १९६७ साली दाखविले की, त्याचे भिन्न अम्लांचे प्रकार खडकावर कमीअधिक उंचीवर आपापले पट्टे धरून राहतात. मग ही जात एक म्हणावी की अनेक? याविषयी विद्वानांत मतभेद आहे.

आपण मात्र एवढा बोध घ्यावा : रानातील दोन दगडफुले सारखी दिसली म्हणून त्यांचे गुणही सारखेच, असे समजून ती कोणास औषध म्हणून देऊ नयेत. परीक्षा आधी, निर्णय मागून.