हाकेची चिठ्ठी

उद्यमबागेतील कारखान्यातून निपाणीस मोबाईल लावला, की आवाजाच्या आधी एक लेखी चिठ्ठी पुढे धावते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ‘सर, समोर घंटी वाजलीच नाही, तर ती चिठ्ठी गेली कुठे?’ असे आमचे विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर येथे देण्याचे योजिले आहे.

इंटरनेटवरील दूरध्वनीची ही संकेतपद्धती ‘सिप’ होय. तिची नियमावली जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘व्होल्टे’चे कॉलही तिनेच जुळतात.

पत्रावर उद्यमबागचा ५९०००८ हा पिन असतो, तसा या चिठ्ठीवरही पत्ता असतो. वाटेतील प्रत्येक सर्व्हर तीवर आपले नाव नोंदवितो. उत्तर त्याच वाटेने परतते. पत्त्यावर तो मनुष्य नसेल तर ‘४०४’ असा जबाब येतो. परंतु दोन सर्व्हर चुकून एकमेकांकडेच बोट दाखवू लागले तर? त्यासाठी चिठ्ठीवर एक आकडा असतो, बहुधा ७०. दर टप्प्यास तो एकाने घटतो. शून्यावर चिठ्ठी पुढे न पाठविता ‘४८३’, म्हणजे ‘टप्पे फार झाले’, असे कळविले जाते.

दुसरी अडचण आकाराची. नोंदींनी चिठ्ठी फुगते. रोमन लिपीतील निपाणी ६ बाइटांत मावते, देवनागरीतील ‘निपाणी’स १८ लागतात! यूडीपी या साध्या वाहतुकीत मोठ्या चिठ्ठीचे तुकडे होतात आणि एक हरवला की सारी चिठ्ठी वाया जाते. म्हणून नियम असा, की वाटेची कुवत ठाऊक नसेल, तर १३०० बाइटांहून मोठी विनंती टीसीपीने, म्हणजे पोच घेत जाणाऱ्या वाहतुकीने, पाठवावी. इंटरनेटच्या वाटेवर सामान्यतः १५०० बाइट मावतात. उरलेले २०० उत्तराच्या वाढीसाठी राखलेले. सर्व्हरलाच चिठ्ठी पेलवत नसेल, तर त्याने ‘५१३’ म्हणावे.

या आकड्यांचे मोल काय? रात्रपाळीत कामगाराचा हात भाजला आणि डॉक्टरांना फोन लावला, अशी कल्पना करा. ‘नाही’ असे तत्काळ कळले, तर दुसरा क्रमांक फिरविता येतो. यूडीपीवर चिठ्ठी मुकाट गडप झाली, तर यंत्र ती पुनःपुन्हा पाठवीत सामान्यतः ३२ सेकंद वाट पाहते, आणि जखमीही तेवढाच वेळ तिष्ठत राहतो.

म्हणून आम्ही मुलांस सांगतो: आपल्याकडे चुकून आलेली चिठ्ठी दडपू नये, उगाच फिरवीतही ठेवू नये, कारण सांगून परत करावी. स्पष्ट नकार हीदेखील सेवाच आहे.