डॅक घ्यायचा की स्पीकर?

प्रश्न : घरी जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर आणि दोन बॉक्स आहेत. सीडी प्लेअर कायमचा बंद पडला. गाणी आता मोबाइलमध्ये आणि पेन ड्राइव्हवर आहेत. त्यात भजनं, भीमसेन जोशींनी गायलेले अभंग आणि जुनी भावगीतं जास्त. दुकानदार म्हणतो, ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्‌झचा डॅक घेतल्याशिवाय मजा नाही. कोणता प्लेअर आणि कोणता डॅक घ्यावा?
— एक वाचक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : दुकानदाराला आधी एवढंच विचारा, की माझ्या पेन ड्राइव्हवर असं काय आहे, जे ऐकवायला ३८४ किलोहर्ट्‌झ लागतात?

फाइलमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं आणि स्पीकरला लागतो कमीजास्त होणारा विद्युतदाब. आकड्यांपासून तो दाब तयार करणारी चिप म्हणजे डॅक. तुमच्या बंद पडलेल्या सीडी प्लेअरमध्ये ती होतीच, मोबाइलमध्ये आहे, टीव्हीतही आहे. म्हणजे डॅक घरात नाही असं नाही. वेगळा घ्यायची गरज आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली, ती सेकंदाला ४४,१०० आकडे घेऊन. हा आकडा हौसेने ठरलेला नव्हता. एखाद्या आवाजातली सर्वांत वरची कंपनसंख्या जितकी असेल, तिच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले की तो आवाज पुरा पकडता येतो. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. मग ४४.१ पुरे झाले.

याचं फार छान उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात उभं राहतं आहे. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. अब्जाहून अधिक प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली, त्याची ती खूण. तिची कंपनसंख्या साधारण ३५ हर्ट्‌झपासून २५० हर्ट्‌झपर्यंत चढत गेली, म्हणजे आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच. शास्त्रज्ञांनी तिचा आवाज करून ऐकवलाही. आता गंमत पाहा. जगातल्या अतिसूक्ष्म मोजमापांपैकी एक करणाऱ्या या यंत्रांचा मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदवला जातो. सीडीच्या निम्म्याहूनही कमी! शोधायची गोष्ट ज्या पट्ट्यात आहे त्याला तेवढं पुरतं. तिथले शास्त्रज्ञ आयुष्य घालवतात ते गोंगाट कमी करण्यात, नमुन्यांचा आकडा फुगवण्यात नाही.

बिटचंही तसंच. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल भरतं. शांत खोलीतही तीसेक डेसिबलची गुणगुण असतेच, त्यामुळे हे अंतर पुरतं वापरायला कान फुटेल इतका आवाज लावावा लागेल. ३२ बिटांचं लेबल असलेले उत्तमोत्तम डॅकसुद्धा प्रत्यक्षात २०-२१ बिटांच्या पलीकडे जात नाहीत, बाकीचे बिट खोक्यावर छापायला. आणि तुमची भावगीतं? त्यातली जुनी ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेली आहेत. तीच गाणी पूर्वी परभणी आकाशवाणीच्या मीडियम वेव्हवर लागत, तेव्हा चार-पाच किलोहर्ट्‌झच्या वरचं बहुतेक सगळं छाटलेलं असे, आणि तरी आपण जागचे हलत नव्हतो.

तेव्हा खरं लक्ष फाइलकडे द्या. सीडीवरचा तासाभराचा आवाज सुमारे ६३५ एमबी भरतो. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत तो १४४ एमबीवर येतो, आणि १२८च्या, म्हणजे बाजारात भरून मिळणाऱ्या पेन ड्राइव्हवर बहुधा असतात तसल्या एमपीथ्रीत, ५८ एमबीवर. १२८मध्ये टाळांची झणझण पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येते. ती कुठलाही डॅक परत आणत नाही. एमपीथ्रीचं ‘फ्लॅक’मध्ये रूपांतर करून देणारी अॅप्सही ती परत आणत नाहीत. फाइल फुगते, गेलेलं गेलेलंच राहतं. नामदेवांची नर्सी तुमच्या जिल्ह्यातली, त्यांचे अभंग तरी धड ऐकायला हवेत. जुन्या सीडी कपाटात असतील तर संगणकावर फ्लॅकमध्ये उतरवून घ्या. फ्लॅकमध्ये जागा निम्म्याच्या आसपास लागते आणि गाण्यातलं काही हरवत नाही.

प्लेअर म्हणून जुना अँड्रॉइड मोबाइल ठेवा. हेडफोनचं भोक असेल तर ऑक्स केबलने सरळ अॅम्प्लिफायरच्या लाल-पांढऱ्या पिनांना जोडा, मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमीजास्त अॅम्प्लिफायरवर करा. भोक नसेल तर हजार-दोन हजारांतला टाइप-सीचा छोटा डॅक घ्या. मात्र त्यात चिप आहे ना, हे विचारून घ्या. काही स्वस्त अॅडॉप्टर म्हणजे नुसती वायर असते, बऱ्याच मोबाइलवर ते चालतच नाहीत. ब्लूटूथ रिसीव्हरही चालेल, रोजच्या भजनांना तर खासच. फक्त मध्येच कुणाचा फोन आला की अभंग थांबतो.

महागडा डॅक दुकानात ‘उजळ’ वाटला तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, आणि दुकानदारांना हे आपल्याआधी ठाऊक असतं. मग पाठ फिरवून उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी अदलाबदल करू द्या.

वाचलेले पैसे स्पीकरवर घाला, कारण फरक तिथे कानाला लगेच कळतो. पण त्याआधी बॉक्स कपाटावरून खाली उतरवा! मराठवाड्यात निम्म्या घरांत ते छताला टेकलेले असतात, टेपच्या जमान्यापासून. बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवा, भिंतीपासून हातभर पुढे. स्लॅबच्या, फरशीच्या उघड्या खोलीत आवाज घुमतो. खाली सतरंजी, समोरच्या भिंतीवर जाड पडदा, एवढ्याने शब्द सुटे होतात.

वेगळ्या डॅकची खरी गरज आणखी एका ठिकाणी पडते. टीव्ही किंवा लॅपटॉप जोडल्यावर अॅम्प्लिफायरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घुंई थांबली तर दोष अर्थिंगच्या चक्रात आहे. टीव्हीला ऑप्टिकलचं भोक असेल तर तिथून साधा ऑप्टिकल डॅक लावा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तारेतून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे चक्र तुटतं. प्लगची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग भेटतील, त्यांचं ऐकू नका, जिवावर बेतेल. वीज गेल्यावरच खरखर सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा. तसा असेल तर डॅक बदलून काही होणार नाही, साइन वेव्हचाच घ्यावा लागेल.